माईक बदलण्याआधी



आज मी माईकवर बोलणार आहे. म्हणजे माईकसमोर तर उभा आहेच, पण विषयही तोच आहे. संयोजकांना फोनवर विषय सांगितला तेव्हा ते दोन क्षण गप्प झाले. तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, ‘माया’ म्हणाला असेल, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही, असं त्यांना वाटलं. (हशा) त्यांना नीट ऐकू आलं होतं. विषय माईकच आहे. आणि तोही स्टुडिओतला लाखाचा नव्हे, तर आपण घरी आणतो तो हजार-दोन हजारांचा.

हा विषय माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगतो. माझी मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, घनसावंगी तालुक्यात दिलेली. तिला जात्यावरच्या ओव्या येत. किती येत, हे तिलाही माहीत नव्हतं. जात्याला हात लागला की एकामागून एक निघायच्या. 2018 च्या दिवाळीत मी एक माईक विकत घेतला, लॅपटॉप घेतला आणि तिच्याकडे गेलो. नव्या स्लॅबच्या घराची पुढची खोली, खाली गुळगुळीत फरशी, वर पंखा चालू. माईक तिपाईवर ठेवला आणि अक्का दिवाणावर, चार हात लांब. चाळीस मिनिटं ती गायली. मी समाधानाने घरी आलो.

2021 मध्ये अक्का गेली. महिन्याभराने मी ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा नीट, कानाला हेडफोन लावून ऐकलं. पंख्याची घूं घूं आणि भिंतींवरून परत येणारा आवाज यांच्यामागे कुठेतरी अक्का. तिचा ‘स’ आला की कानात टाचणी टोचावी तसं व्हायचं, आणि ओवीतले शब्द मात्र निम्मे कळत नव्हते. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअर वापरून पाहिली. पंखा गेला, पण अक्का पाण्याखालून गातेय असं वाटायला लागलं. ते मी पुसून टाकलं आणि मूळ फाईल तशीच ठेवली.

तेव्हा मीही सगळे म्हणतात तेच म्हणालो: माईक स्वस्तातला होता. मग शिकायला बसलो. सत्तरीत सोल्डरिंगची बंदूक हातात धरली. आणि शिकता शिकता कळलं की दोष माईककडे थोडा होता, माझ्याकडे बराच होता.

आता मुद्द्यावर येतो. न्यायशास्त्रात कारण ओळखण्याची एक साधी रीत आहे: अन्वय आणि व्यतिरेक. हे असलं की ते असतं, हा अन्वय. हे नसलं की ते नसतं, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय ‘यामुळे ते झालं’ असं म्हणायचं नाही. चाळीस वर्षं मी हे वर्गात फळ्यावर लिहिलं, आणि पहिल्याच माईकच्या वेळी विसरलो. काय केलं सांगतो. आतली कॅप्सूल बदलली, तोंडापुढे पॉप फिल्टर लावला आणि रेकॉर्डिंगची जागाही बदलली. स्लॅबच्या खोलीतून आमच्या जुन्या माळवदाच्या घरात गेलो. तिन्ही एकाच दिवशी! आवाज एकदम सुधारला. मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटलो की कॅप्सूलने काय कमाल केली. मग एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, “सर, जुनी कॅप्सूल माळवदात लावून बघितली का?” लावली. फरक होता, पण इतका थोडा की मला माझ्या महिनाभराच्या भाषणांची लाज वाटली.

मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि माती, खाली सारवलेली जमीन, कोपऱ्यात धान्याची पोती आणि वाकळांची चवड. आवाज कुठे आदळून परत येणार? फरशी आणि स्लॅबच्या मधली खोली म्हणजे विहीर. तिथे किमती माईक लावला तर तो विहीर जास्त स्पष्ट ऐकवेल, एवढंच. ज्यांच्याकडे माळवद नाही त्यांनी खोलीत दोन वाकळा दोरीवर टाकाव्यात, एक बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि एक बाजूला. पाठीमागे का? कारण माईकचं तोंड बोलणाऱ्याकडे असतं, म्हणजे त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडेही असतं. लोक माईकच्या मागे गादी लावतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माईकपाशी साधारण सहा डेसिबलने वाढतो, आणि पंखा, भिंती, रस्ता आहे तिथेच राहतात. चार हातांवरून एका वितीवर आलात तर अंतर निम्मं, पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं झालं. अठरा डेसिबलचा फायदा, एक पैसाही न घालता. एवढा फरक आतला कुठलाही भाग बदलून मिळत नाही. 1902 साली फ्रेड गेझबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला ध्वनिमुद्रणं करायला आला, तेव्हा वीज नाही, माईक नाही, नुसता भोंगा. गाणाऱ्याने भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं. अंतर म्हणजे काय ते त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. 1925 मध्ये विजेवरचं मुद्रण आलं, माईक आला, आणि हळू आवाजालाही जागा मिळाली. आणि आपण अंतर विसरलो.

आता थोडं यंत्राविषयी. कंडेन्सर माईकमध्ये एक अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यामागे धातूची पाटी असते. आवाजाने पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं, आणि त्याची विजेत नोंद होते. ही युक्ती 1916 मध्ये ई. सी. वेंटे यांनी काढली. पण त्यासाठी पडदा आणि पाटी यांच्यात बाहेरून विजेचा दाब सतत द्यावा लागतो. 1962 मध्ये बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी असा पातळ पडदा तयार केला की त्यात विद्युतभार कायमचा साठलेला राहतो. तो इलेक्ट्रेट. तुमच्या फोनची हेडफोनची वायर, कॉलरला लावायचा माईक, हे सगळं त्याचंच गोत्र. माईक स्वस्त झाला तो इथे.

बाजारात बीएम-800 नावाने जो माईक मिळतो, तुमच्यापैकी निम्म्यांकडे असेल, तो उघडून बघा. दांड्याच्या खालची गोल चकती फिरवली की नळकांडं निघतं. वरची जाळी केवढी मोठी! आणि आत बहुतेक वेळा रुपयाच्या नाण्याहूनही लहान इलेक्ट्रेट. मोठ्या वाड्यात एकटी म्हातारी राहते तसं. मोठ्या स्टुडिओ माईकची कॅप्सूल साधारण 34 मिलिमीटरची असते, म्हणजे दहाच्या नाण्याहूनही बरीच मोठी. म्हणून हा फसवणुकीचा माल झाला का? तसंही नाही. लहान इलेक्ट्रेटही चांगली असते. प्रिमो या जपानी कंपनीची ईएम-172 बोटाच्या टोकावर मावेल एवढी आहे, आणि तिचा स्वतःचा गोंगाट केवळ 14 डेसिबलच्या आसपास असतो. साध्या इलेक्ट्रेटचा तीसच्या पुढे जातो. शांत खोलीत हळू बोललं की मागे जी ‘सूं’ ऐकू येते ना, ती ही.

पण बीएम-800 मधली पहिली दुरुस्ती कॅप्सूलची नाही, ती विजेची आहे. त्याच्याबरोबर येणारी वायर एका टोकाला मोठ्या तीन पिनांची आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारख्या लहान पिनेची असते. ती लॅपटॉपमध्ये खुपसली की माईकला तीन-चार व्होल्ट मिळतात. त्याला हवे असतात 48 व्होल्ट, ज्याला फँटम पॉवर म्हणतात. अर्धपोटी माणसाला गायला लावल्यासारखं आहे ते. आवाज बारीक येतो, मग आपण लॅपटॉपमध्ये तो ओढून मोठा करतो, त्याबरोबर सगळा गोंगाटही मोठा होतो, आणि शिव्या माईकला. तीन पिनांची सरळ वायर, आणि फँटम पॉवर देणारा साधा ऑडिओ इंटरफेस. पैसे घालायचे तर आधी तिथे घाला. माईक पुढे बदलला तरी इंटरफेस उपयोगी पडतो. आणि तीच लहान पीन फोनमध्ये घालून ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी पिनेवरच्या काळ्या रेघा मोजाव्यात. दोन रेघा असल्या तर ती फोनसाठी नाही. फोनला तीन रेघांची लागते.

एवढं करूनही समाधान नसेल, तर उघडा. एकाच नावाखाली निरनिराळे बोर्ड विकले जातात, म्हणून माईक उघडून पाहिल्याशिवाय सुटे भाग मागवू नका. आधी वायर काढून पाच मिनिटं थांबा, म्हणजे कपॅसिटर रिकामे होतील. कॅप्सूलच्या पडद्याला बोट लावायचं नाही, त्यावर फुंकर मारायची नाही. कॅप्सूलजवळच्या भागात विजेचा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की बोटाचा घाम किंवा सोल्डरची राहिलेली चिकट पुटं यांतूनसुद्धा तो गळतो आणि चर्र असा आवाज येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दाताचा ब्रश घेऊन तो भाग स्वच्छ करायचा. मी दोन ‘बिघडलेले’ माईक केवळ एवढ्यावर सुरू केले आहेत. नळकांड्यावर टिचकी मारा. भांड्यासारखं वाजलं तर आतून जाड कापडी चिकटपट्टी लावा. पुष्कळ लोक वरच्या जाळीचा आतला बारीक थर काढून टाकतात, आवाज मोकळा होतो म्हणून. मी काढला. मोकळेपणा किंचित, पण ‘भ’ आणि ‘फ’ म्हटलं की तोफ. परत बसवला.

आता थोडे महाग, चार-सहा हजारांच्या पुढचे माईक, ज्यात खरोखर मोठी कॅप्सूल असते. यांची गोष्ट मला फार आवडते. नॉयमन या जर्मन कंपनीचा यू-67 हा माईक 1960 मध्ये आला, आणि यू-87 हा 1967 मध्ये. त्यांच्या कॅप्सूलचा स्वभावच असा की वरच्या पट्टीतले सूर ती वाढवून पकडते. ते कंपनीला माहीत होतं. माईकच्या आतल्या सर्किटमध्ये तेच सूर तेवढेच खाली आणण्याची सोय होती. कॅप्सूलने चढवायचं, सर्किटने उतरवायचं, असा जमाखर्च. पुढे त्या कॅप्सूलच्या घडणीच्या स्वस्त नकला निघाल्या आणि कितीतरी माईकांत बसल्या, पण बरोबरचं सर्किट वेगळं, साधं. जमा राहिली, खर्च गळाला. म्हणून आठ-दहा हजार हर्ट्झच्या आसपास आवाज टोचतो. यावर लोक कॅप्सूल बदलतात, कुणी सर्किटमध्ये छोटा कपॅसिटर घालून वरचे सूर उतरवतात. दोन्ही उपाय खरे आहेत. पण त्याआधी संगणकावर इक्वलायझरने तिथले तीन-चार डेसिबल रुंद हाताने कमी करून बघा. फुकट आहे आणि उलटवता येतं. त्याने टोचणं गेलं, तर सोल्डर कशाला हवं? आणि त्याने नाहीच गेलं, तर दोष तिथे नव्हता. हाच व्यतिरेक.

हे मराठीला जास्त लागतं, असं माझं मत आहे. आपल्याकडे ‘च’ आणि ‘ज’ दोन-दोन आहेत. चार रुपयांतला ‘चार’ निराळा, आणि ‘गुरांना चार’ मधला निराळा. हे जग, आणि ‘तू जग’. लिहिताना एकच, बोलताना दोन. दातांजवळचा जो च आणि ज, तो ‘स’सारखाच वरच्या पट्टीत सळसळतो, नेमका जिथे हे माईक चढवून ठेवतात तिथे. इंग्रजी बोलणाऱ्याने तपासून ‘छान’ म्हटलेला माईक मराठीत टोचू शकतो. म्हणून मी एक वाक्य केलं आहे: “चार जणांनी सकाळीच गुरांना चारा चारला, भाकरी फडक्यात बांधली आणि खळ्यावर ठेवली.” यात दोन्ही च आहेत, दातांजवळचा ज आहे, ‘स’ आहे, आणि ‘भ’, ‘फ’, ‘ध’, ‘ख’, ‘ठ’ हे हवा फेकणारेही आहेत. हे वाक्य प्रत्येक माईकवर म्हणायचं. माईक तोंडाच्या नाकासमोर नको, वीतभर अंतरावर, जरा बाजूला आणि तिरका. हवा सरळ जाते, आवाज पसरतो.

दोन माईक तपासायचे तर दोन्ही शेजारी शेजारी बांधून एकाच वेळी मुद्रण करा. दोनदा म्हटलेलं वाक्य कधी सारखं नसतं. मग दहा सेकंद गप्प बसा, तेही मुद्रित होऊ द्या. गोंगाट तिथे कळतो. दोन्ही फाईलींचा आवाज समान पातळीवर आणा, कारण एक-दोन डेसिबलने मोठं असलेलं कानाला ‘चांगलं’ वाटतं. आणि फाईलींची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. माझा नातू ‘क’ आणि ‘ख’ करून देतो. तीन वेळा मी महागडा म्हणून स्वस्त निवडला आहे. स्वतःच्या आवाजावर निकाल स्वतः देऊ नका. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून मुद्रित आवाज प्रत्येकाला परकाच वाटतो. बायकोला विचारा. ती खरं सांगेल. (हशा)

एक गैरसमज जाता जाता. ‘कंडेन्सर सगळा गोंगाट पकडतो, डायनॅमिक पकडत नाही.’ आपल्या सभामंडपातले आहुजाचे डायनॅमिक माईक ओठांना टेकवून वापरतात, म्हणून त्यात मागचं कमी येतं. त्यालाही चार हात लांब ठेवून बघा.

आता पुन्हा ओव्यांकडे येतो, कारण त्यासाठीच तर हे सगळं. पुण्याला गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम उभं केलं. पुढे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. हजारावर गावं, लाखाहून अधिक ओव्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावला, 1996 मध्ये बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांनी मुद्रित केल्या. आज हा साठा पारीच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. ऐका. जातं वाजतं, बांगड्या वाजतात, आणि तरी शब्द कळतो.

इथे मला एक प्रश्न पडला, थोडा माझ्या जुन्या धंद्यातला. जात्याची घरघर हा गोंगाट का? पंख्याची घूं घूं मी शत्रू मानली, मग जात्याची का नाही? उत्तर मला गाणाऱ्या बायकांकडूनच मिळालं. गेल्या दिवाळीत अक्काच्या एका मैत्रिणीकडे गेलो होतो. तिला जात्याशिवाय गायला सांगितलं. दोन ओव्या झाल्या आणि ती थांबली. म्हणाली, “हात रिकामा असला की आठवत नाही, भाऊ.” म्हणजे घरघर हा गाण्याच्या आतला भाग. ती काढून टाकायची नाही. ती शब्दांवर बसणार नाही, एवढं बघायचं.

आणि ते सोपं नाही बरं का. जातं ओढताना बाई पुढे वाकते, मागे जाते. वितीचं अंतर राहतच नाही. कॉलरचा माईक, बोया बीवाय-एम1 सारखा, पदराला लावला तर अंतर कायम राहतं, पण पदर घासतो आणि तो माईक सगळ्या बाजूंचं ऐकतो. शेवटी मी तोच जुना स्वस्त माईक, फँटम पॉवरवर, दोन वितींवर, तिच्या कपाळाच्या थोडा वर धरून खाली तोंड करून बांधला. जात्यापासून लांब, तोंडाच्या जवळ. वरून येत असल्याने तोंडातली हवाही चुकते. स्टँड म्हणून उसाचं टिपरं आणि सुतळी. खोली माळवदाची, पंखा बंद. मुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, डब्ल्यूएव्ही. सर्वांत मोठा आवाज उणे बाराच्या पुढे जाणार नाही असं ठेवलं. एकसष्ट ओव्या मिळाल्या. कॅप्सूल जुनीच होती.

काही प्रश्न आहेत का? हां, ताई.

(प्रश्न: सर, माझ्याकडे काहीच नाही, फक्त फोन आहे. आजी नव्वदीची आहे.)

मग आज संध्याकाळीच करा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच घंटी वाजेल. माईकचं भोक बहुधा खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतं. ती कड आजीकडे, वीतभर अंतरावर. फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, टेबलावर नको. पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. (हशा) डब्ल्यूएव्हीत मुद्रण करणारं एखादं ॲप घ्या. आणि ती फाईल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवून मूळ पुसू नका. मूळ दोन ठिकाणी ठेवा.

(प्रश्न: लॅपटॉपवर मुद्रण करताना मागे घरघर येते, पंखा बंद केला तरी.)

चार्जर काढून बघा. थांबली तर दोष अर्थिंगचा. बॅटरीवर काम करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. लाईट गेल्यावरच येत असेल तर ती इन्व्हर्टरची. दोन्ही नसेल, आणि पावसाळ्यातच येत असेल, तर माईक रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या फेकत जाऊ नका.

चहा तयार आहे असं दिसतं. बाहेरच्या टेबलावर दोन हेडफोन ठेवलेत, फाईलींची नावं ‘क’ आणि ‘ख’. ऐकून चिठ्ठीवर लिहून द्या. कोणती कोणत्या माईकची, ते नातवालाच माहीत आहे, आणि तो अजून सांगायला तयार नाही.